माझा नंबर हवा होता, मी नको होते

मी एक जुनी लाल गाडी आहे. जुनी म्हणजे जुनीच. 'थोडीशी वापरलेली' असले गुळचट शब्द माझ्यासाठी वापरू नका. दारांना गंज आहे, मागच्या सीटला चहाचा डाग आहे, आणि थंडीत माझा दुसरा गिअर पडायला कुरकुर करतो. हे सगळं मी उघड सांगते. पण मित्रांनो, एक माणूस मला विकत घ्यायला आला आणि त्याने यातलं काहीच पाहिलं नाही. त्याने दार उघडलं नाही, बॉनेट उचललं नाही, की टायरला साधी लाथही मारली नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या नंबरप्लेटकडे बघून हसला. त्या हसण्याचा राग अजून माझ्या इंजिनात आहे.

पण आधी जन्माचं सांगते. मी परदेशातल्या कारखान्यात तयार झाले, जहाजाने डब्लिनच्या बंदरात उतरले आणि मलिंगारच्या एका गॅरेजमध्ये विकायला उभी राहिले. तिथेच मला नंबर मिळाला. आयर्लंडमध्ये नंबर म्हणजे गाडीची जन्मखूण असते. पहिले आकडे वर्षाचे, मधली अक्षरं जिल्ह्याची, मागचे आकडे तिचे स्वतःचे. एकदा मिळाला की गाडी भंगारात जाईपर्यंत तो तिचाच. मालक बदलतात, नंबर बदलत नाही. माझा नंबर मी तुम्हाला पूर्ण सांगणार नाही. या माणसाने जे केलं ते आणखी कुणी करायला नको.

मला पहिल्यांदा घेतलं ते शाळेत शिकवणाऱ्या ब्रिजिड नावाच्या बाईंनी. त्या मला 'माय गर्ल' म्हणायच्या. पावसातून घरी आलं की जुन्या टॉवेलने माझ्या काचा पुसायच्या, आणि पाऊस तिथे कधी नसतो? त्यांच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहायला स्वानंदी आली. नागपूरची मुलगी, पहिली नोकरी, गाडी चालवायची भीती. ब्रिजिडबाई तिच्या शेजारी बसून तिला शिकवायच्या. राउंडअबाउटवर, म्हणजे इथल्या गोल चौकात, स्वानंदी मला बंद पाडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "वाजवू दे. त्यांच्याकडे हॉर्न आहे, तुझ्याकडे गाडी आहे." डोळे अधू झाल्यावर बाईंनी मला स्वानंदीलाच दिलं. तिच्याबरोबर मी गॉलवेला गेले. ती मेडिकलची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती, आणि मी तिला पहाटेच्या शिफ्टला नेऊन सोडत असे. एकदाही उशीर केला नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

आता तो माणूस. नंदकुमार त्याचं नाव. पुण्याचा, लिमरिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्याने नवीकोरी पांढरी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. घेतल्यावर महिन्याभरात तिला पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं, आणि ऑफिसात त्याचं प्रमोशन त्याच्याच हाताखालच्या माणसाला मिळालं. झालं! पुण्यातल्या अंकशास्त्रवाल्याला व्हिडिओ कॉल लागला. तो म्हणाला, "साहेब, गाडीच्या आकड्यांची बेरीज आठ येतेय. आठ म्हणजे शनी. तुम्हाला नऊ पाहिजे." चुकीचं पार्किंग केलं याने, आणि दोष शनीचा.

त्यानंतर या गृहस्थाला जिकडे तिकडे बेरजाच दिसू लागल्या. गणपतीत गॉलवेच्या मराठी मंडळाच्या आरतीला तो बायकोसह आला होता. हॉलशेजारच्या पोहण्याच्या तलावावर स्वानंदी आली होती, म्हणून मी तिथे उभी होते. आत आरती चालू, आणि हा बाहेर माझ्यासमोर बोटं मोजत उभा. नऊ आले! लगेच माझा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला : 'ही गाडी कुणाची? अर्जंट.'

लगेच उत्तरं आली. "ठोकलीस का रे?" "इन्शुरन्सला कळव आधी." "पळून जाऊ नकोस, कॅमेरे असतात तिथे." स्वानंदी त्या ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडली होती, त्यामुळे तिला पत्ताच नाही. आम्ही घरी निघून गेलो.

पुढची हकिगत मला त्याच्या बायकोकडून, संध्याकडून कळली. गाडी चालवताना ती माझ्याशी बोलते; ते पुढे येईलच. फोटोत माझ्या प्लेटच्या खालच्या कडेला मलिंगारच्या गॅरेजचं नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं. शनिवारी हा बायकोला घेऊन थेट मलिंगारला. गॅरेजवाला म्हणाला, "कुणाची गाडी ते मला सांगता येत नाही. कायदा आहे. ब्रिजिडला आवडायचंही नाही ते." म्हणजे सांगून टाकलंच की! मलिंगारमध्ये तेवढं पुरतं. पोस्टात विचारलं, घर सापडलं.

ब्रिजिडबाईंनी दोघांना आत घेतलं, चहा दिला. यानेही काजूकतलीचा डबा पुढे केला. त्याच्याबद्दल आणखी काही चांगलं सांगता येत नाही, म्हणून हे सांगते. मग याने माझा फोटो दाखवून ही गाडी हवी म्हटल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"कशी चालतेय ती?"

"कोण?" नंदकुमार म्हणाला.

मित्रांनो, 'कोण?' म्हणाला! मला शोधत हा माणूस अर्धं आयर्लंड तुडवून आला होता, आणि मी चालते का, हा विचारच त्याच्या डोक्यात आला नव्हता. संध्या सांगते, त्या क्षणी तिला इतकी लाज वाटली की तिने चहाच्या कपात तोंड घातलं.

बाईंनी स्वानंदीला फोन लावला. "इथे युअर मॅन, कुणी एक गृहस्थ, आलाय, तुझी गाडी हवीय म्हणतो. मिठाई ग्रँड आहे. माणसाचं तू बघ."

योग असा, की स्वानंदीला डब्लिनमध्ये नोकरी लागली होती. तिथल्या फ्लॅटला पार्किंग नव्हतं, आणि मला कुणाच्या हातात द्यावं या विचाराने ती रोज माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसायची. ती त्यांना भेटली. पैशाचं बोलणं झटकन उरकलं. ती अडून बसली ती वेगळ्याच गोष्टीवर.

"चालवाल ना हिला? उभी नाही ना करून ठेवणार? उभी राहिली की ही संपेल."

"अहो ताई, काय बोलता!" नंदकुमार प्लेटवरची नजर न काढता म्हणाला. "घरच्यासारखी ठेवू."

स्वानंदीने संध्याकडे पाहिलं. संध्या म्हणाली, "मी बघेन."

लिमरिकपर्यंत मला स्वानंदीनेच आणून सोडलं. संध्या तिच्या शेजारी बसली होती. नंदकुमार पुढे आपल्या पांढऱ्या गाडीत.

"तुम्ही नाही चालवत?" स्वानंदीने विचारलं.

"पुण्यात ॲक्टिव्हा होती माझी. लक्ष्मी रोडला चालवलीय, म्हणजे बघा! इथे लर्नर परमिट काढून पर्समध्ये ठेवलंय. पण नवीन गाडीला हा हात लावू देत नाही. ओरखडा पडेल म्हणतो. मग काय, भाजीला जायचं तरी याची मीटिंग संपायची वाट बघायची."

"मग हिच्यावर शिका की. मीही हिच्यावरच शिकले."

संध्याने माझ्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. ते मला कळलं.

स्वानंदी बसने परत गेली. बस वळेपर्यंत ती मागे बघत होती. आणि ती बस दिसेनाशी होताच नंदकुमार स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्याने माझी पुढची प्लेट काढली, मागची काढली, पुसली, हळदकुंकू वाहिलं. हळदकुंकू प्लेटला! मी तिथेच उभी होते, मला बोटभरही नाही. पुण्यात पैसे भरून आवडीचा नंबर घेता येतो, म्हणून याची समजूत अशी की नंबर म्हणजे टोपी; एकाच्या डोक्यावरून काढायची, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. इथली रीत कुणाला विचारायची गरज त्याला वाटली नाही. मोठ्या पगाराच्या माणसांना विचारायला कमीपणा वाटतो की काय कोण जाणे.

"नंदू, हे चालतं का इथे?" संध्याने विचारलं.

"विकत घेतलंय मी. माझं आहे."

माझा नंबर त्या पांढऱ्या गाडीच्या नाकावर चढला, आणि मला ढकलत घराच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलं. हिरवा डबा, काळा डबा, तपकिरी डबा आणि मी. डब्यांना निदान आठवड्यातून एकदा कुणीतरी बाहेर नेतं. माझी बॅटरी उतरली. ब्रेक गंजून धरले. काचेवर शेवाळ आलं. ज्या गाडीने एकदाही उशीर केला नाही, तिच्यावर शेवाळ!

मग तो दिवस आला. गावाबाहेर गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, गाड्या अडवल्या होत्या. नंदकुमार ऐटीत थांबला. शेजारी संध्या. गार्ड तरुण बाई होती. तिने नंबर आपल्या यंत्रात घातला, यंत्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"छान गाडी आहे," ती म्हणाली. "पण माझ्याकडे लिहिलंय की ही लाल आहे, लहान आहे आणि पेट्रोलवर चालते."

"मॅडम, मी नंबर विकत घेतलाय."

"तुम्ही गाडी विकत घेतलीत. नंबर तिचा आहे. कुठे आहे ती?"

संध्या म्हणाली, "घरी. डब्यांजवळ."

पांढरी गाडी तिथेच ठेवून घेतली गेली. कोर्टाची तारीख लागली. दोघं टॅक्सीने घरी आले आणि भांडण माझ्याच शेजारी उभं राहून झालं.

"भंगारवाल्याला फोन करतो," नंदकुमार म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. हिच्या पायी झालं सगळं!"

हिच्या पायी! माझे ब्रेक धरले नसते, तर मी त्या क्षणी त्याच्या पायावरून गेले असते. पण मी काय करणार? एक फोन, एक ट्रक, आणि माझा चेंदामेंदा. खरं सांगते, मी घाबरले.

"हात तर लाव," संध्या म्हणाली.

"अगं, आता उपयोग काय तिचा?"

"घरच्यासारखी ठेवू म्हणाला होतास. मी उभी होते तिथे. मी शब्द दिला होता." मग ती हळू म्हणाली, "आणि खरंच घरच्यासारखीच ठेवलीस, नंदू. एका जागी. कुठे जायचं तर तू नेशील तेव्हा. मला ठेवलीयस तशीच."

नंदकुमारने फोन परत खिशात टाकला.

गार्डांनी परत दिलेल्या प्लेट संध्याने स्वतः बसवल्या. एक स्क्रू वाकडा बसला, तो आजही वाकडा आहे आणि मला तो आवडतो. मेकॅनिक बोलावला, बॅटरी बदलली, ब्रेक सोडवले, तपासणीत मी पास झाले. मग तिने माझ्या पुढच्या-मागच्या काचेवर लाल रंगातलं 'एल' चिकटवलं. इथे शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला बसावाच लागतो. तेव्हा मॅनेजरसाहेब माझ्या डाव्या सीटवर, गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसू लागले.

"ब्रेक! अगं ब्रेक! तो माणूस बघ!"

"बघितला. तो फुटपाथवर आहे. तू गप्प बस, नाहीतर खाली उतर आणि चालत ये."

शिकाऊंना मोटरवेवर मनाई, म्हणून गावागावांतून वळणं घेत एका रविवारी आम्ही मलिंगारला गेलो. वाटेत चढावर मी दोनदा बंद पडले. मागच्याने हॉर्न वाजवला. संध्या म्हणाली, "वाजव बाबा," आणि मला पुन्हा सुरू केलं. ब्रिजिडबाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि नंदकुमारकडे बघून तोच प्रश्न विचारला.

"कशी चालतेय ती?"

नंदकुमार म्हणाला, "थंडीत दुसरा गिअर जरा अडतो. क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबलं की पडतो. चढावर धाप लागते, पण चढते."

बाईंनी मान हलवली आणि त्याला चहाला आत बोलावलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी त्याला माफ केलं. नाही केलं. एका उत्तराने माझ्या काचेवरचं शेवाळ मी विसरणार नाही. पण तुम्हाला सांगते, घरात आणलेल्या वस्तूला, आणि माणसालाही, ते काम करू द्या. पुजू नका, झाकू नका, कोपऱ्यात उभं करू नका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी गाडी कुठे दिसली, तर तिच्या नंबराची बेरीज करत बसू नका. ती कशी चालते ते विचारा.

आता थांबते. संध्या किल्ली घेऊन आलीय, एकटीच. आज सकाळी तिची लायसन्सची परीक्षा झाली, आणि त्या लाल 'एल'चा कागद ती नखाने खरवडून काढतेय.