पतंगावरचे दगड

गुरुशांत अण्णांच्या किराणा दुकानाची पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली. अक्षर असं वळणदार, की ग्रामपंचायतीनं पतंगवाल्यांच्या नियमांचा फलकही त्यांच्याच गळ्यात घातला. पतंगवाले म्हणजे पुण्याची पोरं. जूनमध्ये उजनीचं पाणी पार खाली गेलेलं असतं आणि वारा मात्र उभ्या माणसाला ढकलत नेतो. तेव्हा ही मंडळी पायात फळी अडकवतात, कमरेला ताडपत्रीएवढा पतंग बांधतात आणि पाण्यावरून सुसाट पळत सुटतात. आता कुणाला कशाची हौस असेल, सांगता येतं का?

अण्णांनी नियम लिहिले तेही दम भरल्यासारखे. कोळ्यांच्या जाळ्यांवर तरंगणाऱ्या बाटल्यांच्या आत यायचं नाही. पाणी उपसायच्या मोटारींच्या वायरींपासून लांब राहायचं. मेंढरं पाण्यावर आली की पतंग खाली घ्यायचा, मग वारा कितीही झकास असो. आणि शेवटचा नियम बाभळीपलीकडच्या जमिनीचा. ती जुन्या गावाची रुद्रभूमी, म्हणजे लिंगायतांनी आपली माणसं पुरली ती जागा. धरणात गावाबरोबर तीही बुडाली; पाणी उतरलं की तेवढी वर येते. समाध्यांचे चौथरे केव्हाच गाळात गेले, उरले ते खुणेचे काळे दगड. पाण्यात उतरायला धड वाट तिथूनच होती, म्हणून अण्णांनी लिहिलं: ‘येथे चप्पल काढून चालावे.’

त्या सोमवारी सकाळी अण्णा मुद्दाम लवकर आले. मागून सावित्रम्मा यायची होती, त्यांची बायको. दरवर्षी जमीन उघडी पडली की ती एका सोमवारी विभूती, बेल आणि तांब्याभर दूध घेऊन इथं यायची. पहिली मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली होती, तिच्या दगडापाशी बसायची, बोलायची. अण्णा लांब बाभळीखाली उभे राहायचे. तेवढंच त्यांचं काम.

बाभळीजवळ चपलांची रांग शिस्तीत लावलेली दिसली. अण्णांना बरं वाटलं. मग पुढं पाहिलं. वाळूवर दोन पतंग पसरून ठेवले होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्या कडांवर दगड मांडले होते. काळे दगड. रुद्रभूमी मात्र पुसलेल्या पाटीसारखी मोकळी पडली होती.

“कुनी उचललं हे?” अण्णा ओरडले. “लाज वाटत न्हाय व्हय?”

पतंगाशी वाकलेली मुलगी दचकून उभी राहिली. ऋतुजा तिचं नाव. फलक लावला तेव्हा तिनं सगळ्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. “काका, आम्ही चपला काढल्या होत्या,” ती म्हणाली. “दगडांचं फलकावर काही नव्हतं.”

“त्ये लिवायचं आसतंय का? गावातलं शेंबडं पोर बी तितला दगड हलवत न्हाय.”

“पण आम्ही गावातले नाही ना काका.”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे खुणेचे दगड आणि त्यातला एक अण्णांच्या लेकीचा, हे कळल्यावर ती म्हणाली, “तुमचा कुठं होता ते दाखवा. मी स्वतः ठेवते.”

आता खरी पंचाईत इथंच होती. पुरायला अण्णाच गेले होते, दोन माणसं बरोबर घेऊन. बाळंतिणीला कुणी नेलं नव्हतं, तशी रीतच नव्हती. मग पाणी आलं. पुढं एका दुष्काळात जमीन पहिल्यांदा उघडी पडली, तेव्हा सावित्रम्मा म्हणाली, दाखवा. सगळीकडं सारखाच गाळ, सारखेच दगड. अण्णा तासभर फिरले, घामाघूम झाले. बायको टक लावून बघत होती. शेवटी त्यांनी एका दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, “हीच.” त्या एका शब्दावर तिनं चाळीस वर्षं काढली होती. बाभळीच्या पुढं अण्णांचं पाऊल का पडत नव्हतं, ते आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

त्यांनी पतंगावरचा एक दगड उचलला. कुठंतरी ठेवायचा, पुन्हा ‘हीच’ म्हणायचं, झालं. पाण्याचा काय भरवसा, पुण्याकडं पाऊस झाला की आठ दिवसांत सगळं झाकलं जाईल. दगड पोटाशी धरून ते दहा पावलं चालले, मागं वळले, पुन्हा चालले.

“कुटं ठेवताय त्यो?”

सावित्रम्मा उतारावर उभी होती. तिनं पतंग पाहिले, मोकळी जमीन पाहिली.

अण्णांनी दगड खाली ठेवला आणि स्वतःही तिथंच बसले. “मला ठावं न्हाय,” ते म्हणाले. “तवा बी ठावं नव्हतं. तुझं तोंड बघवंना म्हनून दावला म्या कुठला तरी.”

ती अक्कलकोटकडची. राग आला की कानडीत तोंड सोडायची, सगळी गल्ली ऐकायची. आज ती मराठीतच बोलली, तीही हळू. अण्णांना त्याचीच जास्त भीती वाटली.

“म्हंजे इतकी वर्सं मी कुनाच्या दगडाशी बोलले?”

अण्णा दगडावरचा गाळ अंगठ्यानं खरवडत राहिले.

“तवाच सांगायचं की हो. मी समद्या भुईला हात लावला आसता.”

ती रडली नाही. चपला काढून पतंगापाशी गेली, वाकली आणि पहिल्या दगडाला विभूतीची तीन बोटं ओढली. मग दुसऱ्याला. ऋतुजानं हळूच विचारलं, “आजी, मी दूध धरू?” तिनं तांब्या तिच्या हातात दिला. चार-पाच दगड झाल्यावर सावित्रम्मानं मागं पाहिलं.

“बसून काय ऱ्हायलाय? या हिकडं. तुमची बी लेक व्हती न्हवं?”

अण्णा उठले. विभूतीत बोटं घातली. आपण ठेवलेल्या दगडापासून त्यांनी सुरुवात केली, आणि तिथंच त्यांना रडू फुटलं.

सगळे दगड पुन्हा रुद्रभूमीत नेऊन ठेवल्यावर, दुपारी ते रंगाचा डबा घेऊन फलकाशी आले. सावित्रम्मा शेजारी बसली. त्यांनी लिहिलं: ‘येथील दगड हलवू नयेत.’

“का, त्ये बी लिवा,” ती म्हणाली. “परक्याला कसं कळावं?”

अण्णांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग खाली, त्याच वळणदार अक्षरात, लिहिलं: ‘आमची मुलगी यातल्या कोणत्या दगडाखाली आहे, ते आम्हाला माहीत नाही.’