सांता रुफिनाहून बातम्या

"मेलेल्या सात जणांत एक शाळेतली बाई होती," हे वाक्य निकानोराने रेडिओवर स्पॅनिशमध्ये नीट वाचलं. तेच गावच्या बोलीत, केचुआत, सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र ती मध्येच थांबली. काचेपलीकडून वेन्सेस्लाओने हात फिरवून खूण केली, पुढं चला. तिने घोटभर कोमट पाणी घेतलं.

"ती बाई आकाशातून पोरांना धडा शिकवणार होती," ती म्हणाली. "यान वर गेलं आणि फुटलं. तिच्या वर्गातली पोरं टीव्हीवर बघत होती."

टेकडीखाली नळावर बायकांनी तिला गाठलंच.

"पोरंबाळं होती का गं तिला?"

"दोन."

"मग कशाला गेली मरायला एवढ्या वर?"

"आपले नवरे एवढ्या खाली कशाला जातात?" निकानोरा म्हणाली. बादल्या भरत राहिल्या.

तो शहाऐंशी सालचा जानेवारी. सांता रुफिनाची खाण तेव्हा अजून चालू होती, म्हणजे माणसं पाळीला जात होती आणि परत येत होती. कथलाला भाव मात्र उरला नव्हता. आदल्या ऑक्टोबरात लंडनच्या बाजारात कथलाचे सौदे एकाएकी थांबले, ती बातमीही निकानोरानेच वाचली होती. वाचताना ती आपल्याच गावची बातमी आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती मूळची खडीवरची बाई. खाणीतून टाकून दिलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून हातोड्याने दगड फोडायचे आणि कथलाचा अंश दिसेल तो तुकडा वेगळा काढायचा, यात तिची जवानी गेली. एका संपाच्या सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला, तेव्हा ती मागून ओरडून बोलली आणि पार पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी कामगार संघटनेच्या रेडिओवाल्यांनी तिला बोलावून घेतलं. तेव्हापासून पहाटेच्या बातम्या तिच्या. तिथला वेन्सेस्लाओ तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचा. तो लघुलहरींवर जगभरची केंद्रं ऐकायचा आणि टाइप करून द्यायचा. ती ते दोन भाषांत सांगायची. तिच्या आवाजावर लोक उठायचे, चुली पेटवायचे, पाळीला निघायचे.

तिचा नवरा इलारिओन वीस वर्षं खडकात भोकं पाडत होता. छाती धुळीने भरल्यावर त्याला वर दिव्यांच्या खोलीत बसवलं. आत जाणाऱ्यांना दिवे द्यायचे, बाहेर आलेल्यांचे घ्यायचे. जिना चढला की त्याला भिंतीला टेकावं लागे. बायकोच्या बातम्या तो एकही चुकवत नसे, आणि ती घरी आली की चिडवायला मोकळा.

"काय गं, जगात सगळीकडं कुणी ना कुणी पळतंय. परवा हैतीचा हुकूमशहा पळाला, आज फिलिपीन्सचा. आपले साहेब कधी पळणार, ते नाही सांगत तुझा रेडिओ!"

"ते पळायचे नाहीत. आपल्यालाच पळवतील."

हे ती गमतीत बोलली होती.

मे महिन्यात रशियातल्या अणुभट्टीच्या बातम्या येत होत्या. एका सकाळी तिने वाचलं, की जळत्या भट्टीच्या खालून बोगदा खणायला त्यांनी खाणकामगार नेलेत. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा इलारिओनने चिडवलं नाही. तो बटाटे सोलायचा थांबला होता.

"तोंडाला काही बांधलंय का त्यांनी?" त्याने विचारलं.

"ते नव्हतं त्यात."

"उकाडा असणार खाली. उकाड्यात कुणी बांधून ठेवत नाही. आम्हीपण काढून टाकायचो." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत निकानोरा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "जा म्हटल्यावर गेले असणार बिचारे," तो म्हणाला आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

जूनमध्ये मेक्सिकोत फुटबॉल चालू होता, तेवढे दिवस गाव जरा माणसात आलं. अर्जेंटिना जिंकली त्या संध्याकाळी चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, दुकानात नाचही झाला. पण त्याच आठवड्यात पहिले ट्रक येऊन गेले. सरकारने सांगितलं होतं, जो आपणहून नोकरी सोडेल त्याला ठरावीक रक्कम मिळेल. जो सोडणार नाही त्याचं पुढं काय, ते सांगितलं नव्हतं. लोक राजीनाम्यावर सही करायचे, खाट, शिवणयंत्र, कोंबड्या ट्रकवर चढवायचे आणि छपराचे पत्रेसुद्धा उचकटून न्यायचे. मागे भिंती राहायच्या. सही करून आलेला माणूस शेजाऱ्याच्या नजरेला नजर देत नसे. पोरं त्याच्या दारावर कोळशाने 'भित्रा' लिहून पळायची.

ऑगस्टमध्ये खाणी चालू राहाव्यात म्हणून संघटनेने मोर्चा काढला. ओरुरोपासून राजधानी ला पासपर्यंत, पायी. गावोगावचे खाणवाले, त्यांच्या बायका, पोरं. निकानोराने पाठीवरच्या कापडात वाळवलेले बटाटे आणि भूक मारायला चघळायची कोकाची पानं बांधली.

"तू जपून राहा," ती इलारिओनला म्हणाली. "मी येईपर्यंत पाणी उचलू नकोस. शेजारची भरून देईल."

"जा गं तू. माझी काळजी करू नकोस," तो म्हणाला, आणि तिला ओरुरोला नेणारा ट्रक वळेपर्यंत दारात उभा राहिला.

पठारावरचा रस्ता सरळ आणि वारा समोरून. चपलेच्या पट्ट्याखाली फोड आले, फुटले, पुन्हा आले. गावागावांतले शेतकरी वाटेवर येऊन चालणाऱ्यांना उकडलेला मका देत होते. संध्याकाळी कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातमी लागली: आफ्रिकेत एका तळ्यातून विषारी वायू निघाला आणि गावंच्या गावं झोपेत मेली. ऐकणाऱ्यांत एक म्हातारा खाणवाला होता, त्याने टोपी काढली. मग एकेकाने काढल्या. खाणीत वायूने गेलेलं माणूस सगळ्यांच्या घरात होतं. निकानोराला वाटलं, आपण पहाटे ज्यांच्यासाठी वाचतो ते लोक हे. ऐकताना त्यांचे चेहरे तिने यापूर्वी पाहिलेच नव्हते. त्या रात्री, एवढे पाय दुखत असूनही, ती खुशीत झोपली.

ला पासच्या अलीकडे कालामार्काला फौजेने रस्ता अडवला. रणगाडे आडवे, वर विमानं. गोळी चालली नाही. पुढाऱ्यांनी बोलणी केली आणि मग सगळ्यांना ट्रकांत, गाड्यांत बसवून आलेल्या वाटेने परत पाठवलं. परतताना कुणी गाणं म्हटलं नाही. बहुतेक जण झोपले होते.

ती घरी पोचली तेव्हा इलारिओनने आधी पाणी तापवलं. घमेल्यात ओतलं, तिचे पाय त्यात सोडले, स्वतः जमिनीवर बसून तळव्यांना चिकटलेलं कापड हळूहळू सोडवलं. मग म्हणाला,

"मी सही केली."

तिने पाय ओढून घेतले नाहीत.

"कधी?"

"तू गेलीस त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी."

"मी तिकडं चालत होते, इला."

"माहितेय. रेडिओ लावून बसलो होतो. कुठं पोचलात ते रोज कळत होतं."

"आणि तरी?"

"खाण राहिली तरी मी आत जायचा नाही, निका. दिवे वाटायलाही आता दम लागतो. पोरगी कोचाबाम्बाला बोलावतेय. ते एवढं उंचावर नाही, हवा विरळ नाही, जरा श्वास तरी घेता येईल. मी दमलोय."

"मग मला जाताना का नाही बोललास? का जाऊ दिलंस?"

इलारिओनने तिच्या तळव्यांचं कापड पाण्यात पिळलं.

"तू खुश होतीस," तो म्हणाला. "किती वर्षांनी."

सकाळी त्यांच्याही दारावर कोळशाने लिहिलेलं होतं. तिने ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, पुन्हा पुसलं. इलारिओन सकाळी बाहेर पडायचा नाही. रेडिओ चालू होता तोवर पोरीकडे जायचं लांबलं; पुढचे महिने दोघं एकमेकांशी मीठ, पाणी, औषध एवढंच बोलली. ती बातम्या वाचून यायची, तो ऐकून बसलेला असायचा, पण चिडवायचा नाही. तिला ते चिडवणं हवं होतं. मागायचं कसं, ते तिला कळत नव्हतं.

डिसेंबरात शाळेचे सगळे वर्ग एका खोलीत मावले. खाणीचे पंप बंद झाले आणि खालचे थर पाण्याने भरू लागले. नव्या वर्षापासून रेडिओ केंद्र असलेल्या टेकडीची वीज तोडणार असं कंपनीने कळवलं. म्हणजे रेडिओही संपला. केंद्राचा प्रमुख केव्हाच गेला होता. शेवटच्या दिवशी दुपारी वेन्सेस्लाओ आणि निकानोरा अशी दोघंच उरली.

"वर्षाचा आढावा घेतलाय," त्याने कागद पुढे केले. "ला पासच्या केंद्राने दिला तोच."

तिने चाळला. यान, हैती, फिलिपीन्स, स्वीडनच्या पंतप्रधानांचा खून, धूमकेतू, अणुभट्टी, फुटबॉल, ते तळं, दोन बड्या देशांची बोलणी.

"आपला मोर्चा कुठाय?"

"नाही घेतला त्यांनी."

"विसरले?"

"एवढी माणसं विसरतं होय कुणी, दोन्या?"

ती माइकसमोर बसली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तिने एकेक बातमी दोन्ही भाषांत सांगितली, घाई न करता. वेन्सेस्लाओ काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून मान हलवत होता. कागद संपले, पण ती उठली नाही.

"आणि सांता रुफिना," ती म्हणाली. "इथं यंदा खाण बंद झाली. कुणी मेलं नाही, म्हणून ही बातमी बाहेर गेली नसेल. आम्ही कालामार्कापर्यंत चाललो. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या आणि त्यांच्या दारांवर काहीबाही लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांनी ऐकावं. ते भ्यायले नव्हते. दमले होते. माझ्या घरातला माणूस वीस वर्षं खडक फोडून दमला, हे मला त्याने सांगायच्या आधी कळायला हवं होतं. मी रोज साऱ्या जगाचं सांगत होते." तिचा आवाज बसला. "बातम्या संपल्या."

वेन्सेस्लाओने हेडफोन काढून ठेवला. तिचं लक्ष त्याच्या समोरच्या मीटरच्या काट्याकडे गेलं. काटा खाली पडलेला होता.

"वीज कधी गेली?"

"बराच वेळ झाला." तो खाली बघत म्हणाला. "आढाव्यात तो फिलिपीन्सचा पळाला ना, त्या सुमारास."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही वाचत होता, दोन्या."

ती जराशी हसली. दोघांनी मिळून माइकवर कापड घातलं, खिडकी लावली. वेन्सेस्लाओने दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि मग सोडला.

ती टेकडी उतरून आली तेव्हा इलारिओन बाहेर उंबऱ्यावर बसला होता, भर उन्हात, सगळ्यांना दिसेल असा. मांडीवर ट्रान्झिस्टर. त्यातून नुसती खरखर येत होती.

"ऐकलंस?" तिने बसलेल्या आवाजात विचारलं.

"ऐकलं की. सगळं ऐकलं." तो जरा सरकला आणि तिला जागा करून दिली. "छान वाचलंस. शेवटी आवाज बसला जरा, एवढंच."

निकानोरा त्याच्याशेजारी टेकली. हात पुढे करून तिने खरखर बंद केली. समोरच्या ओळीत छपरं नसलेली घरं उन्हाने भरून गेली होती.