गरुड खाली उतरत नाही

उंच क्रेनच्या केबिनमधून तो लोखंडी तुळई खुणेवर बोटभरही न चुकता ठेवायचा, म्हणून साइटवर त्याला गरुड म्हणत. मग कॅन्सरने मूत्राशय गेलं. डॉक्टरांनी त्याच्याच आतड्याचा तुकडा कापून लघवीला नवी वाट करून दिली आणि पोटावर पिशवी लावली. पिशवीचं सगळं नीट शिकवलं. उरलेलं आतडं कसं वागेल, हे मात्र कोणी बोललं नाही. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारत, "पिशवी ठीक?" हा म्हणे, "ठीक."

खाल्लं की पोटात मुरडा उठायचा, आणि संडास गाठेपर्यंतही दम निघत नसे. बसने फिरणं सुटलं, पाहुण्यांकडे जाणं सुटलं. फक्त बायकोला माहीत होतं. "आगीतून फुफाट्यात," एवढंच म्हणून ती चादर भिजत घालायची.

आज चाचणी होती. जमलं तर केबिन परत, नाहीतर गोदामाच्या दाराशी स्टूल. केबिनपर्यंतची शिडी लांबलचक, आणि वर संडास नाही. म्हणून कालपासून त्याने अन्नाला हात लावला नव्हता.

शिडीशी मेहुणा चहा-बिस्किटं घेऊन उभा होता. खालून खुणा करायचं काम त्याचं.

"नको रे."

"नको काय, दाजी! चेहरा बघा, धुतलेल्या फडक्यासारखा झालाय. वर चक्कर आली तर ताई मला सोलून काढेल."

"भूक नाही."

"मग मी इंजिनियरसाहेबांना सांगतो, माणूस आजारी आहे."

खरं सांगायला तोंड उघडेना. त्याने चहा घेतला, बिस्किटंही खाल्ली.

तुळई हवेत असताना मुरडा आला. भार लोंबकळत ठेवून क्रेनवाला उठत नाही, आणि खाली माणसं होती. कपाळावर घाम फुटला, पण दांड्यावरचा हात चुकला नाही. तुळई खुणेवर अलगद टेकली. तोवर त्याची पँट भरून गेली होती.

वॉकीटॉकी खरखरली. साहेबांचा आवाज. "वा! हात तोच आहे. उद्यापासून या."

मागोमाग मेहुणा. "बघा दाजी, चहाची करामत! उतरा, सगळे वाट बघतायत."

केबिनच्या काचेतून शिडीखाली गोळा झालेली डोकी दिसत होती. वॉकीटॉकीवर बोललेलं प्रत्येकाला ऐकू जायचं.

"सगळ्यांना जेवायला घेऊन जा," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"मी नंतर उतरतो."

"नंतर म्हणजे?"

माशी कुठून आली कोण जाणे, एवढ्या उंचीवर.

"दाजी?"

"साहेबांना सांग, उद्यापासून दुसरा माणूस बघा."

खाली कोणीतरी हसलं. त्यांना ती थट्टा वाटली. मग हसणं थांबलं, पण शिडीखालून कोणी हललं नाही. मेहुणा एक एक पायरी वर चढू लागला.

"येऊ नकोस," तो म्हणाला. "तुझ्या ताईची शपथ आहे तुला, येऊ नकोस."

मेहुणा वॉकीटॉकी खालीच ठेवून आला होता. त्याला ऐकू आलं नाही.