साहेबांची जाळी

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे पाठीमागे साहेब म्हणतात. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम मात्र चालूच राहिलं. सुरुवातीला त्यांनी माझं स्वयंपाकघर तपासायला घेतलं. डब्यांची झाकणं नीट बसतात का, ओट्याखाली ओल आहे का, कणिक मळताना पीठ खाली का सांडतं. एका सकाळी मी त्यांच्या हातात सुरी आणि कांदे दिले, तेव्हापासून ते स्वयंपाकघरात फक्त चहा मागायला येतात. मग त्यांना काही कामच उरलं नाही, आणि रिकामा साहेब घरात फार जागा अडवतो.

तेवढ्यात आम्ही गॅलरीला जाळीचं दार बसवून घेतलं. डासांनी अगदी जीव नकोसा केला होता. अॅल्युमिनियमची चौकट, बारीक काळी जाळी, खाली चाकं, चाकांखाली रूळ. एका बोटानं सरकायचं. दाराबरोबर एक कागद आला होता, त्यावर छापलं होतं की जाळी अधूनमधून मऊ ब्रशनं झटकावी, साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं पुसावी, रूळ कोरडा ठेवावा, तेल घालू नये. साहेबांनी कागद दोनदा वाचला. ‘अधूनमधून’वर लाल पेनानं काट मारून वर ‘रोज’ लिहिलं आणि तेलाच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. सरकणाऱ्या वस्तूला वंगण लागत नाही असं लिहिणाऱ्याला काडीची अक्कल नाही, असं त्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात दाराची नोकरी सुरू झाली. साहेब सकाळी नाकाला रुमाल बांधून गॅलरीत जात, मागे दार लावून घेत आणि बाहेरून जाळी झटकायला लागत. त्यासाठी रंगाचा ब्रश होता, कोपऱ्यांसाठी दात घासायचा जुना ब्रश होता. तो जुना झालाय हे मला त्यांच्याकडूनच कळलं, कारण आदल्या दिवसापर्यंत मी तो वापरत होते. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग सुती फडकं, मग रुळात शिवणयंत्राचं तेल. वाळेपर्यंत दाराला कोणी हात लावायचा नाही. दुपारी लावायचा नाही, कारण धूळ असते. संध्याकाळी तर मुळीच नाही. संध्याकाळी साहेब आतलं लाकडी दारसुद्धा लावून घ्यायचे. का, तर डास जाळीवर बसून ती खराब करतात.

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की तुझंही बरोबर आहे आणि बाबांचंही बरोबर आहे. लग्नाआधी मला हा समजूतदारपणा वाटला होता.

या सगळ्यात हाल झाले ते सासूबाईंचे. त्यांची अख्खी सकाळ गॅलरीत जायची. वेताची खुर्ची, चहाचा कप, आणि समोरच्या इमारतीतल्या गॅलरीत त्यांच्याच वयाची एक बाई. मधे इतकी अरुंद गल्ली की आवाज चढवायलाही लागू नये. वर्षानुवर्षं दोघी रोज बोलत होत्या, पण एकीला दुसरीचं नाव माहीत नव्हतं. सुरुवातीला विचारायचं राहिलं, आणि नंतर इतकी ओळख झाली की विचारायची लाज वाटली. दोघी एकमेकींना ‘अहो समोरच्या’ म्हणायच्या. समोरच्यांचे गुडघे गेले होते, त्या जिना उतरत नव्हत्या. सासूबाईंना त्यांच्या पोटातली दुखणी, सुनेची उलट उत्तरं, नातवाचे मार्क, सगळं ठाऊक होतं. माझ्याबद्दल त्यांना काय ठाऊक होतं ते मी विचारलं नाही.

जाळी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई चहाचा कप घेऊन निघाल्या आणि दार लावलेलं आहे हे त्यांना दिसलंच नाही. त्यांची नजर अधू आहे. त्या सरळ जाळीवर गेल्या, जाळीला फुगवटा आला, त्यावर चहा उडाला. साहेबांनी आधी जाळी पाहिली. मग म्हणाले, इतकी वर्षं या घरात काढलीस, दार कुठंय ते कळत नाही? समोर नळ दुरुस्त करणारा माणूस उभा होता, माझी शेजारीण उभी होती. सासूबाईंनी कप धुऊन ठेवला आणि त्या दिवसापासून गॅलरीत जायचं सोडलं. बाई हाडाची मानी. जा म्हणून मी चारदा सांगितलं, तर म्हणाल्या, त्यांचं दार आहे, त्यांना लखलाभ.

साहेबांना वाटलं की घराला शिस्त लागली. त्यांनी वेताची खुर्ची धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीनं बांधून ठेवली आणि कपडे न्हाणीघरात वाळत घालायचा हुकूम काढला.

सासूबाई आतल्या बाजूला, जाळीपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसायला लागल्या. समोरच्या बाहेर आल्या की या हात हलवायच्या. हाक मात्र मारायच्या नाहीत, साहेबांच्या दाराआडून बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. समोरच्या इकडे बघायच्या, बघत राहायच्या, आणि काही न बोलता मान फिरवायच्या. असं रोज व्हायला लागलं. मग सासूबाईंनी हातही हलवायचा सोडला. मला म्हणाल्या, “रागावल्यात माझ्यावर. एका शब्दानं न सांगता येणं बंद केलं ना मी.” त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला साहेबांचा इतका राग आला की त्यांच्या ताटात मी भाजी आपटूनच वाढली. त्यांनी ताटाबाहेर पडलेला थेंब दाखवला.

तेल आणि धूळ यांचं व्हायचं तेच झालं. रुळात काळा चिकट गाळ साचला, चाकं जड झाली. साहेबांनी आणखी तेल घातलं. दार आता खांदा लावून सरकवावं लागे, पण ते म्हणायचे की नवीन वस्तू आहे, बसायला वेळ लागतो.

आणि एका सकाळी दार बसलं. साहेब बाहेर गेले, नियमाप्रमाणे मागे दार ओढून घेतलं, झटकलं, धुतलं, पुसलं, आणि आत यायला गेले तर दार हलेना. मी आतून ओढलं, त्यांनी बाहेरून ढकललं. चौकट करकरली तसे ते बाहेरूनच ओरडले की जोर लावू नका, चौकट वाकेल. मी सोडून दिलं. तसाही मी फार जोर लावला नव्हता. नवऱ्याला फोन केला. त्यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि संध्याकाळी येताना कोणाला तरी घेऊन येतो म्हणाला.

मी म्हटलं, बाबा, जाळी कापू का? संध्याकाळपर्यंत तिथे कसे बसाल? साहेब असे दचकले की जणू मी त्यांचा कान कापायला निघाले होते. म्हणाले, जाळीला हात लावायचा नाही, मी बसतो. मग त्यांनी खुर्चीची दोरी सोडली, प्लास्टिकची व्यवस्थित घडी घातली आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत टेकले. रुमाल नाकावर तसाच. सासूबाई आत स्टुलावर होत्या. नवरा-बायकोच्या मधे ती स्वच्छ, लखलखीत जाळी.

थोड्या वेळानं समोरच्या बाहेर आल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, साहेबांना असं रिकामं बसलेलं बघून घटकाभर थांबल्या. सासूबाईंनी मान खाली घातली.

“अहो भाऊ,” समोरच्या म्हणाल्या, “बरेच दिवस विचारीन म्हणतेय. पण तुम्ही कामात असता. कधी गेल्या हो त्या?”

साहेबांनी रुमाल खाली केला. “कोण?”

“तुमच्या घरच्या. आजारी होत्या का? आम्हाला काही कळलंच नाही. खुर्ची बांधून ठेवलेली दिसली, दोरीवर त्यांचं एक लुगडं नाही. आणि तुम्ही रोज सकाळी एकटे तोंडाला रुमाल बांधून दार पुसत असता. बायको असताना कुठला पुरुष रोज दार पुसतो? तेव्हाच मी काय ते समजले.”

इतक्या वर्षांत साहेबांकडे एखाद्या गोष्टीवर शेरा नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते.

सासूबाई ताडकन उठल्या. जाळीला नाक लागेल इतक्या पुढे गेल्या आणि म्हणाल्या, “अहो समोरच्या, मी आहे. इथेच आहे मी.”

समोरच्या दचकल्या. डोळ्यांवर हात धरून इकडे बघायला लागल्या, वर बघितलं, खाली बघितलं. त्यांना आवाज येत होता, बाई दिसत नव्हती. आतून मला त्यांच्या चष्म्याची दांडीसुद्धा दिसत होती, आणि त्यांना आमच्या जागी भर उजेडात नुसता काळा पडदा. म्हणजे सासूबाई हात हलवत होत्या ते त्यांना एकदाही दिसलं नव्हतं. त्या रोज इकडे बघून मान फिरवत होत्या, ती डोळे पुसायला.

घरात एवढी माणसं, पण जाळी बाहेरून कशी दिसते हे एकट्या साहेबांना माहीत होतं. ते रोज बाहेर उभे राहून तिच्याकडे बघत होते. पलीकडे बायको बसलेली दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते धूळ बघत होते. मला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही, कारण तोवर सासूबाई आपल्या कपाटातून कापड कापायची कात्री घेऊन आल्या होत्या.

“अगं, काय करतेस?” साहेब उभे राहिले. “मुलगा येतोय संध्याकाळी. सांगतो ना मी त्यांना, तू आहेस म्हणून.”

सासूबाईंचा आयुष्यभर घरादाराचे कपडे बेतलेला हात. जाळीत टोक खुपसलं आणि चौकटीच्या कडेनं सरळ रेषेत कात्री चालवली, खालून वर, मग आडवी, मग वरून खाली, शेवटी खालची कड. कुठे धागा ओढला नाही की कड वेडीवाकडी गेली नाही. तपासणी खात्यानंही पास केली असती. जाळीचा तुकडा साहेबांच्या पायाशी पडला. सासूबाईंनी पदर सावरला, माझ्या खांद्याला धरून खालची पट्टी ओलांडली आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

समोरच्या तोंडावर पदर धरून रडत होत्या आणि मधेच हसत होत्या. सासूबाईंनी हात हलवला. आधी, म्हणाल्या, तुमचं नाव सांगा बघू.

साहेब वाकून तो तुकडा उचलायला लागले. घडी घालता घालता हळूच म्हणाले की काही बिघडलं नाही, उद्याच्या उद्या नवी जाळी बसवून घेऊ.

“घाई काय आहे?” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांकडे वळूनही बघितलं नाही. “मी मेले की बसवा. म्हणजे समोरच्यांना कोणाला विचारावं लागणार नाही.”

साहेब तुकडा हातात घेऊन बाजूला झाले, आणि त्या खुर्चीत बसल्या.