बादलीतून बांधावर

जरा थांबा. कालव्याकाठी फिरायला आलाच आहात, तर दोन मिनिटं माझ्या सावलीत टेका. सावली अजून तुटपुंजी आहे, पण तुमच्यापुरती पुरेल. मी वड बोलतेय. आधी मी नुसती फांदी होते, आणि मला मोडून आणलं होतं.

माझी आई तिकडे, सॉल्ट लेक नावाच्या वसाहतीतल्या एका ब्लॉकच्या बागेच्या कोपऱ्यावर उभी होती. ही सगळी मूळची खारी दलदल. नदीतला गाळ टाकून ती भरली, वर रस्ते आखले, बंगले आले, सरकारी क्वार्टर्स आली. थोडं खणलं की पाणी लागतं, त्यामुळे आईची मुळं खोल न जाता आडवी पसरलेली. त्यात तिच्याभोवती कुणीतरी सिमेंटचा गोल पार बांधला आणि पाराबाहेर फरश्या बसवल्या. संध्याकाळी म्हातारे बंगाली बाबू तिथे बसून राजकारणावर तावातावानं भांडायचे. आईला त्या बडबडीची सवय झाली होती आणि मलाही.

एके वर्षी जयप्रकाशराव आणि मंगलाताई पुण्याहून बदली होऊन समोरच्या क्वार्टर्समध्ये राहायला आले. वटपौर्णिमा जवळ आली तशा मंगलाताई बाजारात वडाची फांदी मागत फिरू लागल्या. पुण्यात त्या सुमाराला मंडईत फांद्यांचे ढीग लागतात म्हणे. इथल्या भाजीवाल्यानं त्यांना आधी पोईची, म्हणजे आपल्या मायाळूची, भाजी दाखवली, मग केळफूल दाखवलं आणि शेवटी हात जोडले.

"अगं, समोर एवढा वड आहे. तिथेच जाऊन कर की पूजा," जयप्रकाशराव म्हणाले.

"त्या सगळ्या बाबूंच्या देखत फेऱ्या मारू? नव्या गावात? आमच्या सोसायटीत सगळ्याजणी फांदीचीच पूजा करायचो."

मग काय, सकाळी सकाळी जयप्रकाशराव पारावर चढले, चवड्यांवर उभे राहिले, छत्रीची मूठ माझ्यात अडकवली आणि ओढली. मी कडाडून मोडले. ते स्वतःही पडता पडता वाचले. त्यांच्या आयुष्यासाठीच चाललं होतं हे सगळं! माझ्या जखमेतून पांढरा चीक गळत होता, आणि नेमक्या त्याच वेळी ब्लॉक समितीच्या चिटणीस तपती बौदी, म्हणजे तपतीवहिनी, फिरायला बाहेर पडल्या होत्या.

"अरे अरे, ये क्या करता है?"

"पूजा के लिए," मंगलाताई चाचरत म्हणाल्या. "वड की पूजा."

"गाछ भेंगे गाछेर पूजो? झाड तोडके झाड का पूजा? ये कैसा नियम है, भाभी?"

मंगलाताईंनी मला पदराखाली घेतलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं. त्यानंतर तपती बौदी समोरून दिसल्या की त्या रस्ता बदलायच्या.

पूजा मात्र मनापासून झाली हो. हळदकुंकू वाहिलं, सुताचे फेरे गुंडाळले, आंब्याचा नैवेद्य दाखवला. डोळे मिटून त्यांनी सात जन्म हाच नवरा मागितला. तेवढ्यात आतून आवाज आला, "चहा मिळेल का आज?" मंगलाताईंनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. सात जन्मांबद्दल त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं, ते मी सांगणार नाही.

पूजेची फांदी कचऱ्यात टाकायची नाही, गंगेतच सोडायची, असा त्यांचा दंडक. तोवर मला बाल्कनीत पाण्याच्या बादलीत उभं केलं. "या रविवारी घाटावर नक्की जाऊ," जयप्रकाशराव म्हणायचे. मग रविवारी कधी पाऊस असायचा, कधी क्रिकेट, आणि काही नसलं तर दुपारची झोप. माझी पानं एकेक करून गळली. आपलं संपलं, असंच मी धरून चालले होते. पण मोडलेल्या जागेच्या जरा वर साल तडकली आणि तिथून पांढरे कोंब बाहेर आले.

मंगलाताई कपडे वाळत घालायला आल्या आणि ओरडल्याच, "अहो, आधी इकडे या! हिला मुळं फुटलीत!"

जयप्रकाशराव आले, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणूनच मी घाई केली नाही."

माणसांचा आळस पुष्कळ पाहिला, पण त्यांच्या आळसाचे उपकार मी विसरायची नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडून, माती भरून मंगलाताईंनी मला लावलं. मी बाल्कनीतच वाढू लागले. आई तिथून समोर दिसायची.

मग अम्फानचं वादळ आलं. समुद्र इथून डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा वारा यायला रस्ता विचारत नाही. मंगलाताईंनी मला फरफटत न्हाणीघरात नेलं आणि दाराला पाट लावला. बाहेर झाडं मोडत होती. त्या सगळ्या गोंधळात आई पडल्याचा आवाज मला कळला. सकाळी ती रस्त्यावर आडवी होती, पाराचं सिमेंट मुळांना तसंच चिकटलेलं. यंत्राच्या करवतीनं तिचे तुकडे केले. मंगलाताई माझ्या खोडाला हात लावून म्हणाल्या, "तुझी आई गेली गं." मला फार एकटं वाटलं. पुढे आईच्या जागीही फरश्या बसवल्या आणि तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या.

काही काळानं बदलीचा हुकूम आला, नागपूरचा. ट्रकवाला म्हणाला, झाडं नेणार नाही. शेजाऱ्यांनी तुळस नेली, कढीपत्ता नेला, जास्वंदीवर तर दोघींची ओढाताण झाली. मला कुणी हात लावेना. "वड? भिंत फोडेल," एवढं म्हणून सगळे मागे सरायचे.

"खाली फाटकापाशी ठेवून देऊ. नेईल कुणीतरी," जयप्रकाशराव म्हणाले.

"पोटच्या पोरीला ठेवाल असं फाटकापाशी?" मंगलाताई म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या चक्क तपती बौदींना घरी घेऊन आल्या. वादळानंतर समितीनं कालव्याकाठी कदंब, जांभूळ, ताम्हण अशी झाडं लावायला घेतली होती. मला पाहून बौदींनी मान हलवली.

"बटगाछ? कमिटी नहीं मानेगा, भाभी. फुटपाथ तोड देगा. कहां से लाया इसको?"

मंगलाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम बोलून टाकलं, "आपने डांटा था ना हम को? वही डाल है ये."

बौदी मटकन खाली बसल्या. माझ्या बुंध्यावर तळवा ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ओई गाछटार?" त्या झाडाची? मंगलाताईंनी मान डोलावली. "तबे तो ए पाडार मेये!" बौदी म्हणाल्या. म्हणजे ही तर आपल्या आळीतलीच लेक. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि हसता हसता रडायलाही लागल्या.

समितीत बौदी किती भांडल्या ते त्यांनाच माहीत. फुटपाथपासून दूर, या बांधावर, जिथे कचरा पडायचा, तिथे माझी जागा ठरली. पार बांधायचा नाही, फरशी घालायची नाही, हे बौदींनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. खड्डा स्वतः जयप्रकाशरावांनी खणला आणि कंबर धरून बसले. बादली कापली, गोल गोल अडकलेली माझी मुळं मंगलाताईंनी बोटांनी मोकळी केली. पहिल्यांदाच मला हवं तिकडे पाय पसरता आले. काय सांगू, इतकं हलकं वाटलं! ट्रक निघाला तेव्हा मंगलाताई खिडकीतून इकडेच पाहत होत्या.

आता माझ्या दोन्ही बाजूंना बघा, कुठवर गेलीत झाडं ते. कदंब तर माझ्याही वर गेलाय, आणि तशी शेखी मिरवतो. दर पावसाळ्यात बौदी रांग थोडी पुढे नेतात. तुम्हालाही एक विनंती: पूजा करायची तर झाडापाशी या, लाजू नका. आणि रोप लावाल तिथे त्याच्या मुळांना जागा सोडा.

मागे पुन्हा वादळाची बातमी आली. मी घाबरले होते, कबूल करते. आईसारखंच होणार, असं सारखं वाटत होतं. सगळा वेळ मी मातीला धरून राहिले आणि शेजारची झाडंही वारा वाटून घेत होती. उजाडल्यावर रेनकोट घालून, चिखल तुडवत बौदी आल्या. हातातला फोन वाजतच होता. पलीकडे नागपूर.

मंगलाताईंनी ख्यालीखुशाली विचारली नाही, काही नाही. "खडी है ना?" एवढंच म्हणाल्या.

बौदींनी फोन माझ्याकडे वळवला. माझी पानं फाटली होती, एक फांदी लोंबत होती. पडद्यावरून मंगलाताईंनी मला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पाहिलं. मग मान वळवून घरात ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? उभी आहे! आपली पोर उभी आहे!"