नलूच्या डोळ्यातून

मी ऑप्सिन बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. डोळ्याच्या पडद्यात बसून उजेड टिपणारं मी एक प्रथिन. मुक्काम समुद्रकाठचं नवापूर, मासळी विकणाऱ्या नलूचे डोळे. अंधुक उजेडाची कामगिरी माझ्याकडे.

माझं घराणं प्राण्यांना डोळे फुटण्याआधीचं. माझ्या पूर्वजांना उजेडाशी काही देणंघेणं नव्हतं. पेशीच्या दारात बसून ते रसायनांचे निरोप घ्यायचे. मग कधीतरी नक्कल होताना चूक झाली, आमच्या साखळीतली एक कडी बदलली आणि तिला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक चिमुकला सोबती चिकटला. उजेड पडला की तो अंग ताणतो आणि मी हलतो. एवढ्याशा हालचालीतून जग दिसू लागलं! जाळ्यात येणाऱ्या जेलीफिशमध्येही माझे भाऊबंद आहेत. तो सोबती आम्हाला नेमका कसा गवसला, याचं मला अजून कोडं आहे. तो नसला की मी ठार आंधळा.

नलूला तो मिळायचा मासळीतून. तिने तोच तोडला. तिच्या लेकीला, हेमालीला, मूल होईना. नलू देवीला नवस बोलली, नातवंड झाल्यावर नवस फेडेपर्यंत मासळीला तोंड लावणार नाही. मच्छीमाराच्या घरातून मासळी गेली की ताटात उरतं काय? भात, मीठ आणि कोरा चहा. वर्षं गेली, सोबती आटला. दिवेलागणीला नलू भिंती चाचपू लागली. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, तर म्हणते, “यात मासळीचं त्याल हाय. मना नको!” आता हिला काय म्हणावं?

परवा तिन्हीसांजेला हेमालीने आपली तान्ही लेक तिच्या मांडीवर दिली. नलूने बाळाचं तोंड बोटांनी चाचपलं.

“दिवा लाव ना गं. कुनासारकी हाय बगू दे.”

देवापुढचा दिवा केव्हाच लागला होता. हेमालीला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मुशी माशाचं काळीज, म्हणजे माझ्या सोबत्याचं कोठारच, तव्यावर परतून आईपुढे ठेवलं.

“आदी नवस फेडू दे. जत्रंला अजून येळ हाय.”

“देवी थांबंल, आये. पोर रोज मोटी होते.”

नलूने हात जोडले आणि घास घेतला. किती बरं वाटलं मला!

सोबती हळूहळू येतोय. आज सांजेला बाळाच्या गालाची पुसट कड मी टिपली. नलू, त्या इवल्या डोळ्यांतही मीच आहे. तिथून मला तू दिसतेस. इथून मला ती बघायची आहे. अजून एक घास घे, बाई.