तिसरा गट

पूर्वपरीक्षेचे मार्क देताना गणिताचे सर हात आखडता घेत, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं त्यांना पाठीमागे ‘चिक्कू’ म्हणत. पायऱ्या सगळ्या बरोबर असल्या आणि शेवटचं उत्तर चुकलं, तर शून्य. शेवटच्या परीक्षेला बाहेरचे तपासनीस असं करत नाहीत, पायरीपायरीला मार्क देतात, हे सरांनाही माहीत होतं. पण आधी जरा आपटलं की पोर घाबरून अभ्यासाला लागतं, असा त्यांचा आजवरचा अनुभव. ते स्वतःही असेच आपटत शिकलेले. आपल्याला दुसरं काही येतं का, अशी शंका त्यांना अधूनमधून यायची. पण लाल पेन हातात आलं की ती शंका जायची.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षकांना बसवून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वरून तंबी आली होती. निकाल यंदा वाढला नाही, तर वरचे वर्ग बंद आणि पोरं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत.

“निकाल वाढवायचा आराखडा करायचाय,” बाई म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा मारल्या. वर पहिला गट, हमखास पास होणारी मुलं. त्यांच्याकडे बघायची गरज नाही. मधे दुसरा गट, काठावरची. सगळे तास, सगळी मेहनत त्यांच्यावर. खाली तिसरा गट. ती मुलं शाळेतर्फे परीक्षेला बसणार नाहीत, बाहेरून बसतील. म्हणजे ती नापास झाली तरी शाळेच्या निकालात धरली जाणार नाहीत. तोवर चित्रकलेच्या हॉलमध्ये आपापला अभ्यास करतील.

“वा!” खेळाचे सर म्हणाले. “पोहता येत नाही त्यांना आधी होडीतून खाली उतरवायचं, आणि होडी बुडाली नाही म्हणून टाळ्या पिटायच्या.”

“तुमच्याकडे दुसरी होडी असेल तर आणा,” बाई म्हणाल्या.

“पण गट पाडायचे कशावरून?” भाषेच्या बाईंनी विचारलं.

“गणितावरून. नापास होणारी बहुतेक तिथंच गळतात. आणि पूर्वपरीक्षेतले सरांचे मार्क म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्याकडे वशिला नाही की दयामाया नाही. काय हो सर?”

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. इतकी माणसं एकदम आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर सरांचे कान तापले. ते मार्क खरे नाहीत, घाबरवण्यापुरते आहेत, हे सांगायचं होतं. वाक्य जिभेच्या टोकावर आलंही. पण भर सभेत कुणी आपलं एवढं कौतुक केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते ओशाळं हसले आणि त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर आराखडा मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात गट पडले. टेलरची मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. संथ, पण चिवट. एक पायरी सोडायची नाही. आता तिचा बाक रिकामा दिसला. मधल्या सुट्टीत तिनंच त्यांना जिन्यात गाठलं.

“सर, मी खरंच इतकी ढ आहे?”

“नाही गं. ढ कोण म्हणालं तुला?”

“तुम्हीच. मार्कांत.”

सर कठड्याला टेकले. “अगं, ते मार्क... तुम्ही घाबरून अभ्यास करावा म्हणून मी जरा कमीच देतो.”

“मी आधीच घाबरलेली होते, सर.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं. “हॉलमध्ये कुणी शिकवत नाही. शिपाईमामा दारात बसतात नुसते. आणि बाहेरून बसायच्या फॉर्मवर सही करायला शाळेनं बाबांना बोलावलंय. ताईच्या वेळी शाळा म्हणाली ‘हिला जमणार नाही’, तर बाबांनी तिला दुसऱ्या दिवशी मशीनवर बसवलं. माझंही तेच होणार.”

“मी बघतो,” सर म्हणाले. “तू काळजी करू नकोस.”

त्यांनी तिचा पेपर पायरीपायरीला मार्क देत पुन्हा तपासला. ती काठाच्या बरीच वर निघाली. मग ते हॉलमधल्या बाकीच्यांचेही पेपर काढून बसले. निम्म्याहून अधिक पोरं वर येत होती. ते सगळा गठ्ठा घेऊन मोठ्या बाईंकडे गेले.

बाईंनी गठ्ठ्याला हातही लावला नाही. “ही सगळी घेतली, तर सगळी पास होतील? लिहून देता?”

“तसं कुणाचंच लिहून देता येत नाही, बाई.”

“मग मला शाळा वाचवू द्या. आणि सर, त्या दिवशी तुमच्या तोंडाला काय कुलूप होतं?”

सर गठ्ठा उचलू लागले. बाईंचा आवाज जरा उतरला. “गटांची यादी वर पाठवून झालीय. एखादं नाव मी बदलून घेईन. एकच. पण का बदललं ते विचारतील. तपासण्यात माझी चूक झाली, असं तुम्ही लिहून द्या.”

एकच. म्हणजे जिनं विचारलं तिलाच उत्तर, आणि जी पोरं मुकाट्यानं हॉलमध्ये जाऊन बसली ती तशीच. हा न्याय नव्हे, हे सरांना कळत होतं. ही टोचणी खरी होती. पण त्यांचा हात थांबला तो त्या टोचणीमुळे नाही. घरी कागद पुढे घेऊन ते ‘माझी’पर्यंत लिहीत आणि पेन ठेवत. निवृत्तीला उरलेल्या दोन वर्षांत सगळे आपल्याला चुकीचे मार्क देणारा मास्तर म्हणून ओळखणार! उद्या लिहू, असं म्हणत त्यांनी ते घोंगडं भिजत ठेवलं.

अखेर बायकोनं विचारलं, “अहो, काय चाललंय तुमचं? चार दिवस जेवणात लक्ष नाही.”

त्यांनी सांगितलं. ती हातातलं काम ठेवून खाली बसली.

“जन्मभर पोरांकडून चुका दहादहादा लिहून घेतल्यात, आणि स्वतःची एकदा लिहिताना हाताला लकवा मारला?”

त्यांनी लिहिलं. सकाळी बाईंच्या टेबलावर कागद ठेवला आणि ते हॉलमध्ये डोकावले. मुलगी नव्हती. “दोन दिवस येत नाही,” शिपाईमामा म्हणाले.

टेलरचं दुकान बाजाराच्या गल्लीत होतं. आत दोन मशीन. एका मशीनवर मुलगी कॉलर शिवत होती. सरांना बघून टेलर लगबगीनं उठला, स्टूल पुसून पुढे केलं.

“तुम्ही कशाला आलात सर? मला बोलावायचं.”

“हिला शाळेत पाठवा. हिचं नाव परत आत घेतलंय. मार्क देताना माझी चूक झाली. ही हुशार आहे.”

टेलरनं हात जोडले. “सर, मी तुमच्याकडेच शिकलो. मलाही नापास केलं होतं तुम्ही. बरोबरच होतं ते. सगळं गाव सांगतं, सर कुणाला एक मार्क जास्त देत नाहीत, कमी देत नाहीत. तुमची चूक होईल कशी?”

“झाली. मी लिहून दिलंय तसं.”

“तुम्ही मोठ्या मनाचे. पोरीची कीव आली तुम्हाला.” तो समजुतीनं हसला. “पण उगाच आशा लावू नका तिला. मोठीच्या वेळी आम्ही आशा धरून बसलो असतो, तर आज हातात काय असतं?”

सर मुलीकडे वळले. “तू तरी सांग. तुला कळतंय ना?”

तिनं मशीन थांबवलं.

“सर, तेव्हाचं खरं की आताचं?”

“आताचं.”

“मग तेव्हा खोटं दिलंत?”

“हो.”

“मग आताचंही मला बरं वाटावं म्हणून असेल.” ती शांतपणे म्हणाली. “घाबरवायला ते, आणि समजूत काढायला हे.”

ती उद्धटपणे बोलली असती तर सरांनी रागावून तरी तिला हाताला धरून नेलं असतं. तिनं खाली मान घातली आणि मशीन सुरू केलं. एक कॉलर संपली, दोरा तोडला, दुसरी घेतली. ती पुन्हा वर बघेल म्हणून सर उभे राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट घेऊन दारात आलं. “जरा सरकता का?” ते म्हणालं, आणि सर सरकले.